उलट्या पिळाचं सूत

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो, ताई आणि मी. चौथ्या मजल्यावर दातांची डॉक्टर आत आली, आमच्याकडे बघून हसली, आणि दार बंद होता होता ताईंनी तिच्या गळ्यातल्या मफलरची कड चिमटीत धरली. यात नवल काही नव्हतं. कुणाच्याही अंगावरचं कापड धरून बघायची ताईंना खोड आहे. एकदा बँकेच्या रांगेत त्यांनी पुढच्या गृहस्थांच्या कोटाची बाही अशी धरली होती, आणि ते गृहस्थ मागे वळून रागाने पाहायला लागले ते माझ्याकडे. शिवाय हा मफलर आमच्याच घरचा होता. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरने ताईंची दाढ अगदी न दुखवता काढली म्हणून आम्ही तो तिला दिला होता, सूत ताईंचं आणि विणकाम माझं. ताईंनी कड चाचपली. तिथे बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याचं एक टोक, जेमतेम पेरभर, सुटून बाहेर आलं होतं. ते त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याखाली घेतलं आणि तर्जनीवर पुढे लोटलं. मागे ओढलं. परत पुढे लोटलं. हात मनगटापासून थरथरत होता, तो हल्ली थरथरतोच, पण अंगठ्याला काय हवंय ते अंगठ्याला नीट कळत होतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उगाचच थांबली, दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं, दार मिटलं.

"हे माझं सूत नाही," ताई म्हणाल्या.

डॉक्टरला वाटलं, चेष्टा चाललीय. "असं कसं? तुम्हीच तर दिलात की मला."

"दिला आम्हीच. सूत माझं नाही."

मी म्हटलं, "ताई, उशीर होतोय," आणि लिफ्ट तळाला लागली. ताईंनी ते सुटलेलं टोक बोटाने हळूच मफलरच्या घडीत सारलं, डॉक्टरच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या बाहेर पडल्या. मी मागून त्यांची पिशवी आणि तपासणीचे कागद घेऊन निघाले. पाठीला घाम आला होता आणि बाहेर तर चांगलाच गारठा होता.

ताई माझ्या नणंद. माझ्या नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, आणि त्याची आई लवकर गेल्यामुळे जवळजवळ त्याची आईच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काम केलं, लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारलं तर "लाइन व्यस्त होती" म्हणायच्या. नवऱ्याला त्या कायम 'धाकटा' म्हणत. आमच्या लग्नानंतर मीही त्याला धाकटाच म्हणायला लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीने. ताई सेवेतून मोकळ्या झाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा सोबत दोन बॅगा आणि पायाने चालवायचा एक चरखा होता. मी त्याच्या आधीपासून विणत होते. मागच्या खोलीत माझा माग होता, पलंगाएवढा, आणि पाहुणे आले की त्याच्यावर चादर टाकून आम्ही तो लपवायचो. मग हळूहळू असं ठरत गेलं की ताईंनी कातायचं आणि मी विणायचं. ताणा मी तयार सुताचा लावायची, कारण ताण्याच्या धाग्याला मागावर फार ओढ सोसावी लागते. बाणा मात्र ताईंच्या सुताचा. धाकटा ताण्यातून आडव्या पळणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायचा आणि म्हणायचा, दोन मालकिणींच्या हाताखाली एक नोकर, आणि दोघींचं आपसांत पटतं, मी दाद कुणाकडे मागू?

टॅक्सीत ताई खिडकीशी बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. एरवी त्या टॅक्सीवाल्याला मुलं किती, गाव कुठलं, सगळं विचारून घेतात. मी कागदांची चवड मांडीवर नीट करत बसले आणि मनात आपलीच उलटतपासणी घेत होते. रंग मी जुळवला होता. जाडी जुळवली होती. फार सफाईदार झालं तर संशय येईल म्हणून मधूनमधून मुद्दाम जाडेभरडे ठिपके सोडले होते. आणि पीळ? तो माझ्या डोक्यातच आला नाही. सूत म्हणजे शेवटी पीळच की. लोकरीचे तंतू नुसते ओढले तर निसटतात, पीळ दिला की एकमेकांना धरून राहतात. हा पीळ दोन बाजूंनी देता येतो, पण बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून बहुतेक सूत एकाच बाजूने पिळलेलं असतं. ताई डावखुऱ्या. चाक त्या पहिल्यापासून उलटं फिरवत आल्या. त्यामुळे अंगठ्याने पुढे लोटलं की ताईंचं सूत आवळतं, आणि बाकी सगळ्या जगाचं उकलतं. मला हे ठाऊक होतं. इतक्या वर्षांत कितीतरी वेळा मी त्यांना त्यावरून 'उलट्या खोपडीच्या' म्हटलंय. तरी जेव्हा त्यांच्या नावाने गुपचूप कातायची वेळ आली, तेव्हा माझा उजवा हात आपल्या वळणाने गेला. आणि मी पोटापाण्यासाठी काय करते, तर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढते.

मेंदूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी ताईंना बोटांची चिमूट उघड-मीट करायला लावली, खोलीतून चालायला लावलं, कागदावर गोल गोल चक्र काढायला लावलं. ताईंचं चक्र आत आत जाताना इतकं बारीक होत गेलं की शेवटी नुसती शाई उरली. डॉक्टरांनी तो कागद फाइलला लावला आणि विचारलं, "हाताला कंप कधीपासून आहे?" गेल्या दोन भेटींत ताईंनी याचं उत्तर 'सहा-सात महिने' असं दिलं होतं, आणि मी गप्प बसले होते. आज त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"हिला विचारा," त्या म्हणाल्या. "हिला जास्त ठाऊक असेल."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "सहा-सात महिने." त्यांनी लिहून घेतलं. ताई भिंतीवरच्या डोक्याच्या चित्राकडे बघत होत्या, त्यात मेंदूचे भाग निरनिराळ्या रंगांत दाखवले होते. डॉक्टर म्हणाले की औषधाने बरंच आटोक्यात राहील, पण हा आजार कळायच्या आधीच बरीच वर्षं आत काम करत असतो, आणि बहुतेक वेळा घरच्यांच्या लक्षात तो आधी येतो. सहज बोलले ते. मी खुर्चीत अंग चोरून बसले.

ताईंना घरी सोडलं, जेवण काढून ठेवलं आणि मी कामावर गेले. आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यांत घालायची ती घडीची पत्रकं छापतात, मुंगीएवढ्या अक्षरांची. माझं टेबल जिन्याला लागून आहे, वर पांढरी नळी लावलेला दिवा, समोर भिंग. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर माणूस मरू शकतो, हे आमचे मुख्य तपासनीस नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात आणि नंतर निवृत्त होईपर्यंत सांगत राहतात. त्या दुपारी मी एक पत्रक तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा काय वाचलं ते कळलं नाही. मफलरचं मला भय नव्हतं. मफलरबद्दल काहीतरी सांगता आलं असतं: तुमचं सूत संपलं होतं, डॉक्टरला लवकर द्यायचा होता, थोडं माझं घातलं. ताई रागावल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी चहात साखर जास्त झाली म्हणून बोलायला लागल्या असत्या. मला भय होतं ते शालीचं. मफलरपासून ताई मागे मागे जाऊ लागल्या तर वाटेत एकेक कापड लागेल आणि शेवटी ती शाल येईल. ती शाल घरात नाही. धाकटा गेला तेव्हा त्याच्याबरोबरच गेली.

चहाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन बसले. माझ्या पर्समध्ये टकळी असते. तीन वर्षं तिथे टकळी आहे, एका मोज्यात गुंडाळलेली, शेजारी लोकरीचे पेळू. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलं की टकळी खालच्या चार पायऱ्यांपर्यंत सोडता येते. बायंडिंगमधल्या बाई जाता-येता म्हणतात, मासे लागतात का काही? आज मी ती बाहेर काढली आणि तशीच हातात धरून बसले. घरी मागावर एक पांघरूण अर्धं आहे, भिंतीवरच्या छोट्या चौकटीवर नमुना लावलाय, टोपलीत विंचरायची लोकर पडलीय, आणि एका कामातून उठून दुसऱ्यात बसायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं माझं चाललेलं असतं. ताईंना वाटायचं, मला हावरटपणा फार, एक पुरं केल्याशिवाय दुसरं लावू नये. त्यांना कुठे माहीत होतं की मी एका कामाच्या आडून दुसरं करत होते. दर शनिवारी सकाळी त्या मला आठवड्याच्या सुताची लडी द्यायच्या, नीट बांधून, वर एक पीळ घालून. मी ती हातात घेऊन "वा" म्हणायची. मग ती लडी कपाटावरच्या जुन्या बॅगेत जायची आणि माझ्या जिन्यातल्या सुताची लडी मागाजवळच्या खुंटीवर लागायची. त्यांच्या सुताला हात लावला की कळायचं. एका ठिकाणी दोरीएवढं जाड, पुढे केसाएवढं, आणि मध्ये पीळच नाही, नुसती लोकर. धोट्यात भरलं की निम्म्या वाटेवर विरून जायचं. ते बघवायचं नाही मला. पण त्या चाकाशी बसायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मला गमवायचं नव्हतं.

सुरुवात शालीपासूनच झाली. धाकटा चार महिने अंथरुणावर होता, आणि थंडी सुरू झाली तशी त्याला कुठलंच पांघरूण सोसेना, सगळ्याचं वजन व्हायचं. ताई म्हणाल्या, "हलकी शाल करू. मी कातते, तू विण." चरखा त्यांनी त्याच्या खोलीत नेला आणि पलंगाशी बसून कातायला लागल्या. चाकाचा तो एकसारखा आवाज आणि मधेच पट्टा सरकल्याचा फट् असा आवाज. धाकटा डोळे मिटून पडलेला असायचा आणि पट्टा सरकला की म्हणायचा, "ताई, राँग नंबर." मागच्या खोलीत मी ताणा लावला. पहिल्या लडीपासूनच सूत तुटायला लागलं. मला वाटलं, काळजीने होतंय, झोप नाही त्यांना. दुसरी लडी त्याहून वाईट. तीन संध्याकाळी बसून माझं विणून झालं ते वीतभर, आणि त्या वितेतही सतरा सांधे. डॉक्टर तर आठवडे म्हणाले होते, महिने म्हणाले नव्हते. चौथ्या दिवशी मी छापखान्याच्या जिन्यात टकळी काढली. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यातही कातलं, तपासण्यांचे निकाल येईपर्यंत. एरवी मी महिना लावला असता, ती शाल नऊ दिवसांत उतरवली. सगळी टोकं सुईने आत घेतली, एकही सुटू दिलं नाही. ताईंनी ती धाकट्याच्या अंगावर घातली, तिच्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "अजून हात शाबूत आहे म्हणायचा माझा." त्यानंतर तो जाईपर्यंत, म्हणजे पाच आठवडे, त्या रोज दुपारी त्या शालीची कड धरून त्याच्याशेजारी बसत. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, मला त्याच्यासाठी बाकी काही करता आलं नाही, पण माझं सूत त्याच्या अंगावर होतं. त्यांना ते सांगताना मी तीन वर्षं ऐकत आलेय. एखाद्या खोट्याची आपल्याला इतकी सवय होते की कुणी ते सांगायला लागलं की आपणच त्यांना पाणी नेऊन देतो.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी टकळी मोज्यात घातली आणि मुख्य तपासनिसांना सांगितलं की बरं वाटत नाही, लवकर जाते. त्यांनी माझ्या टेबलावरचं पत्रक उचललं, भिंग न लावता त्यावर नजर टाकली आणि मी तीनदा वाचलेल्या मजकुरातली चूक दाखवली. "जा, आराम करा," म्हणाले. बसस्टॉपपर्यंत मी एक वाक्य जुळवत गेले. ताई, मला तुम्हाला काही सांगायचंय. मग ते खोडलं. ताई, तुम्ही म्हणाल तसं. तेही खोडलं. आमच्या इमारतीच्या खाली उभी राहून मी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीला पडदा नव्हता.

दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. घरात असेल नसेल तेवढं हातमागाचं कापड ताईंनी बाहेर काढलं होतं. पडदे, उशांचे अभ्रे, टेबलावरचं, चरख्यावर टाकायचं, माझी दोन जाकिटं, धाकट्याचा जुना गळपट्टा, पायपुसणीसुद्धा. एक ढीग दिवाणावर, एक ढीग जमिनीवर. दोन्हींच्या मध्ये खुर्ची घेऊन ताई बसल्या होत्या, चष्मा लावून, हातात सुई. प्रत्येक कापडाच्या कडेचं एक टोक त्यांनी सुईने उकरून बाहेर काढलं होतं. थरथरत्या हाताने ते करायला त्यांना किती वेळ लागला असेल, माझ्या मनात आधी हेच आलं. जेवण झाकलेलं तसंच होतं.

"बूट काढ आणि बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. बसायला जमीनच होती.

"हे दिवाणावरचं माझं. हे खालचं तुझं. बरोबर लावलंय का बघ. तुझं काम ना ते, तपासायचं."

मी बघितलं नाही. "बरोबर आहे," म्हटलं.

"नमुन्याची ती पट्टी, ती कळली नाही मला. टोक फार आखूड होतं."

"ती दुकानच्या सुताची आहे."

"मग ती बाजूला." त्यांनी पट्टी खिडकीत ठेवली. गुडघ्यावर डावा हात होता आणि तो आपला हलत होता. "माझं सूत काय केलंस? टाकलंस?"

"नाही. कपाटावर आहे. बॅगेत."

"सगळं?"

"सगळं."

"दीडशे लड्या असतील गं," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आणि मी दर शनिवारी तुला नीट बांधून देत होते. तू वा म्हणायचीस."

मी रडायला लागले. मला वाटलं होतं, त्या रडतील आणि मी समजूत घालेन; तेवढी तयारी मी बसमध्ये केली होती. झालं उलटंच. मी म्हटलं की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, तुमचं कातणं बंद पडेल म्हणून, घरात ते चाक फिरत राहावं म्हणून. धाकटा गेल्यावर या घरात तेवढाच एक आवाज होता. हे सगळं खरं होतं आणि बोलून दाखवल्यावर अगदी लंगडं वाटत होतं. ताईंनी माझं बोलणं संपू दिलं. एक्स्चेंजमध्ये लोक रडत बोलायचे तेव्हाही त्या अशाच ऐकत असतील, मध्ये न पडता.

"सहा-सात महिने नाही, तीन वर्षं म्हणजे," त्या म्हणाल्या. "तुला तीन वर्षं माहीत होतं आणि मला आज कळलं. कुणाचा हात आहे गं हा?"

त्या वाकल्या आणि दिवाणावरच्या ढिगातलं सगळ्यात वरचं उचललं, तो खिडकीचा पडदा होता. "माझं शेवटचं हे. धाकट्याने कांड्या भरल्या होत्या याच्या, त्याला दुखायला लागायच्या आधीचं." मग खालच्या ढिगातून एक अभ्रा घेतला. "आणि तुझं पहिलं हे. तो गेल्यावर दोन महिन्यांनी केलंस. मला आठवतंय, मी म्हटलं होतं, अभ्रे कशाला आता, कोण टेकणार आहे." त्यांनी दोन्ही कापडं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. "या दोन्हींच्या मध्ये एकच काम झालं. ते घरात नाही."

मी खालच्या ढिगातल्या जाकिटाची घडी घालायला लागले.

"ते कुठल्या ढिगातलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. शाल नव्हती, टोक नव्हतं, पुरावा म्हणून काही नव्हतं, आणि जगात ते ठाऊक असलेली मी एकटी होते. 'तुमच्या' एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण त्या बाईने दुपारभर उपाशी बसून एकेक टोक उकरून आपलं काय आणि परकं काय ते निवडलं होतं, आणि शेवटचं एक माझ्या हातात दिलं होतं. तेही मी आपल्या सोयीने लावलं असतं तर त्यांच्याजवळ खात्रीचं असं काही उरलं नसतं, तो दिवाणावरचा ढीगसुद्धा नाही.

"खालच्या," मी म्हटलं. "पण सगळी नाही, ताई. सुरुवात तुमच्या सुताची होती."

"किती?"

"वीतभर."

ताईंनी डावा हात उघडला, अंगठा आणि करंगळी ताणून हवेत वीत धरली. ती स्थिर राहीना. उजव्या हाताने त्यांनी तिला आधार दिला आणि तिच्याकडे बघत राहिल्या. पाच आठवडे रोज दुपारी त्या शालीची कड धरून बसल्या होत्या. आपण कुठली कड धरली होती, ते त्या आठवत असाव्यात. पलंगाच्या कुठल्या बाजूला खुर्ची होती, हात कुठे होता. मलाही ते दिसत होतं. खुर्ची उशाशी होती.

"ती वीत कुठे होती?" त्यांनी विचारलं. "गळ्याशी की पायाशी?"

"पायाशी."

मी ती तशी घातली होती, कारण त्या बाजूला सांधे होते, आणि लोक भेटायला यायचे. हे मी सांगितलं नाही, आणि ताईंनी विचारलंही नाही. त्यांनी हात खाली घेतला. बाहेर जिन्यावरून कुणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं. पडदा नसल्यामुळे समोरच्या इमारतीतले दिवे थेट घरात येत होते, आणि एवढं सगळं कापड पसरलेलं असूनही खोली रिकामी वाटत होती.

"पाय गार पडायचे त्याचे," ताई म्हणाल्या. "लहानपणापासून. माझ्या पोटऱ्यांत पाय खुपसून झोपायचा, मी ओरडायची, बर्फाचा आहेस का रे म्हणून. म्हणजे होती ती बरोबर जागी होती." त्या हे माझ्याशी बोलत नव्हत्या. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऊब राहिली का गं पायांना त्याच्या?"

त्या वितेतल्या गाठी त्याला टोचायच्या. कातडी इतकी पातळ झाली होती की चादरीची चुणीही सोसत नव्हती. रोज सकाळी मी खोलीत गेले की शालीचं ते टोक पायांनी लोटून दिलेलं, जमिनीवर लोळत असायचं आणि त्याचे पाय उघडे, धुतलेल्या भांड्यांसारखे गार. ताई चहा घेऊन यायच्या आधी मी ते उचलून परत त्याच्या पायांवर घालायची आणि गादीखाली खोचायची. तो काही बोलायचा नाही, माझ्याकडे बघायचा फक्त. शाल फिरवून घालावी असं दोनदा मनात आलं होतं, पण मग ते टोक ताईंच्या हाताशी आलं असतं.

"राहिली," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."